खाऊच्या याद्यांत नावासोबत वेळ आणि वारही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ठाणे-नवी मुंबईत कुठे काय खावे याच्या याद्या येऊ लागतात. दुकानाचे नाव, पदार्थाचा फोटो आणि शेवटी ‘अवश्य भेट द्या’. यादी हातात घेऊन बाहेरगावचा पाहुणा दुपारी चारला मिसळीच्या दुकानात शिरतो, त्याच्या पुढ्यात सकाळच्या पातेल्याचा तळ येतो, आणि ठाण्याच्या मिसळीत काही दम नाही असे मत घेऊन तो परत जातो. दुकानदाराने त्याला फसवलेले नसते. यादीत वेळ लिहिलेली नसते, एवढेच. आपल्याकडचे चांगले खाणे घड्याळावर, वारावर आणि वस्तीवर चालते. ही तीन अंगे सोडून नुसती नावे छापली तर वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

मिसळीपासूनच सुरुवात करतो. मामलेदार कचेरीलगतची मिसळ १९४६ पासून चालू आहे आणि महाराष्ट्रभर तिचे नाव आहे. त्याशिवाय नौपाडा, पाचपाखाडी, वागळे इस्टेट असा कुठलाही भाग घेतला तरी मिसळीचे एखादे जुने दुकान सापडतेच. मिसळ ही सकाळची वस्तू. कट, म्हणजे तिचा तिखट रस्सा, पहाटे तयार होतो आणि पुढे दिवसभर आचेवर राहतो. आठ-नऊच्या सुमारास तो पातळ आणि झणझणीत असतो, वरची तर्री स्वच्छ लाल असते, खालचा रस्सा तिच्यातून दिसतो. दुपारपर्यंत पाणी आटते, मीठ पुढे येते. मग गरम पाणी घालून तो सारखा केला जातो, पण मसाल्याचा उडून गेलेला वास काही परत येत नाही. उसळीचेही तसेच. मटकी असो की वाटाणा, सकाळी दाणा अखंड असतो; दोन वाजेपर्यंत तो गळून रश्शात मिळून येतो. डिश समोर आली की आधी फरसाणाकडे पाहावे. वरचा थर दोन-तीन मिनिटे तरी कुरकुरीत राहायला हवा. रस्सा लागताच त्याचा लगदा झाला तर फरसाण आधीच सादळलेले होते असे समजावे. रस्सा वेगळ्या वाटीत मागून घ्यावा आणि खात जाऊ तसा ओतावा. मामलेदारची मिसळ कमी तिखट, मध्यम आणि तिखट अशी मिळते. नवख्या माणसाने मध्यमवर थांबावे. ठाण्यातले ‘तिखट’ खरोखरच तिखट असते, आणि पहिल्या दोन घासांत जीभ बधिर झाली तर पुढची मिसळ वाया जाते.

वडापावाची वेळ दिवसातून दोनदा येते. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसात. या वेळात घाण्यामागून घाणा निघत असतो, वडा परातीत पडायच्या आत उचलला जातो. स्टेशनसमोरच्या कुंजविहारचा भलामोठा वडा बहुतेकांना माहीत असतो. तिथे गर्दीच इतकी असते की वडा थंड व्हायला उसंत मिळत नाही. गल्लीतल्या लहान गाडीवर मात्र वेळ पाळायलाच हवी. दुपारी काचेच्या पेटीत ठेवलेल्या वड्याचे कवच आतल्या बटाट्याच्या वाफेने मऊ पडते. तो पुन्हा तेलात सोडला की बाहेरून लाल होतो, आतून गारच राहतो. गाडीसमोर उभे राहून कढईकडे मिनिटभर नीट पाहावे. चांगल्या तेलात वडा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि लगेच विरतात. तेल मेले असेल तर बारीक फेस येऊन तो कढईच्या काठापर्यंत चढतो, धूर लवकर सुटतो आणि डोळ्यांना झोंबतो. तळणाच्या तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड’ (तेच तेल पुन्हापुन्हा तापवून त्यात साठणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये असा अन्नसुरक्षेचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर कोणी मोजमाप घेऊन जात नाही, पण फेस, धूर आणि रंग एवढ्यावरून पुरेसा अंदाज बांधता येतो. पावही तपासावा. बेकरीचा पाव सकाळी आणि दुपारनंतर असा दोनदा येतो. ताजा पाव बोटाने दाबला की पुन्हा वर येतो, शिळा दाबलेलाच राहतो आणि कडेने भुगा पडतो.

आता मासे. पाहुण्यांना सर्वांत जास्त हौस माशांची असते आणि सर्वांत जास्त फसगतही तिथेच होते. इथे वार पाहिल्याशिवाय जाऊ नये. पुष्कळ मराठी घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात, संकष्टी आणि एकादशी वेगळ्या. त्या दिवशी मालवणी किंवा आगरी खानावळीत मागणी निम्म्यावर येते, माल कमी आणला जातो आणि उरलेला बर्फात पडून राहतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी खप भरपूर, त्यामुळे सकाळी आणलेला मासा दुपारी संपतो. रविवारी गर्दीमुळे स्वयंपाकघरावर ताण येतो आणि तळणीत घाई होते. तेव्हा निवांत जेवायचे असेल तर बुधवार किंवा शुक्रवार गाठावा. पोहोचायची वेळ सव्वाबारा. दीड वाजता फळ्यावरची नावे एकेक करून पुसली जातात. ज्या खानावळीत ‘बोंबील संपले’ असे सांगतात तिथे दुसऱ्या दिवशी लवकर जावे, कारण संपणे हीच तिथल्या ताजेपणाची खात्री आहे.

वारानंतर महिना. आपल्या किनाऱ्यावर साधारण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेनंतर बाजार पुन्हा भरू लागतो. बंदीच्या काळात ताटात आलेली सुरमई किंवा पापलेट एकतर शीतगृहातले असते किंवा पूर्व किनाऱ्यावरून बर्फात घालून आणलेले. तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते, म्हणून जूनच्या उत्तरार्धापासून तिकडचा मासा इकडे येऊ शकतो. तो वाईट असतो असे नाही, पण ताज्याच्या भावाने घेण्यासारखा नक्कीच नसतो. पावसाळ्यात जेवायचे असेल तर खाडीकडे वळावे. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले लहान मासे, कोलंबी, आणि त्यांच्या जोडीला सुकट, सोडे, सुके बोंबील. आगरी-कोळी घरांची खरी पावसाळी थाळी तीच, आणि तिला सुरमईची उणीव भासत नाही. चिंबोरी मागताना तिथी विचारावी. अमावस्येच्या सुमारास चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेला पोकळ, असे कोळणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत आणि त्याप्रमाणेच निवडून देतात.

खानावळ चांगली की नाही हे दोन गोष्टींवरून चटकन कळते. पहिली म्हणजे बोंबील. ओल्या बोंबलात पाणी फार. तो पोटाकडून चिरून, काटा काढून, फडक्यात गुंडाळून वजनाखाली तासभर तरी दाबून ठेवावा लागतो. एवढे केले तरच रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तव्यावर टाकल्यावर तो बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो. ही खटपट सकाळी करून ठेवलेली असावी लागते, ऐन गर्दीत ती जमत नाही. ताटात आलेला बोंबील उचलताना मोडला, पिठाचा थर सुटून हातात आला आणि खाली पाणी साचले, तर त्याला दाबलेले नाही किंवा तो गोठवलेला होता. अशा ठिकाणी बाकीच्या माशांवरही पैसे घालवू नयेत. दुसरी गोष्ट सोलकढी. ओल्या नारळाचे दूध आणि भिजवलेल्या आमसुलाचे पाणी, त्यात लसूण, मिरची, मीठ, कोथिंबीर. तिचा रंग फिका, किंचित जांभळट गुलाबी असतो. पेला पाच-दहा मिनिटे ठेवला तर नारळाचे दूध वर येऊन खाली पातळ पाणी दिसू लागते. मुळीच न फुटणारी, भडक गुलाबी सोलकढी पाकिटातल्या पावडरीची किंवा रंगाची समजावी. नारळाचे दूध उन्हाळ्यात काही तासांतच आंबते; म्हणून दुपारी उत्तम सोलकढी देणारी खानावळ रात्री ‘नाही’ म्हणाली तर तिचा मान ठेवावा.

भाकरीचे थोडक्यात सांगतो. तांदळाची भाकरी उकड काढून, मळून, थापून, तव्यावरून विस्तवावर फुगवून मिळायला चार-पाच मिनिटे लागतात. सांगितल्याबरोबर आली तर ती आधीची आहे आणि दोन घासांनंतर ताठ होणार. सुरमई, पापलेटाचा भाव आकारावर असतो. मासा आणून दाखवायला सांगावा, भाव ठरवावा आणि मगच तव्यावर टाकायला सांगावे. असे विचारणे खानावळीत कोणालाही वावगे वाटत नाही. बिलावरून होणारी बहुतेक भांडणे हे न विचारल्यामुळे होतात.

तिसरे अंग वस्तीचे. कुठल्या भागात कोण राहते आणि तिथे कामाला कोण येते, यावरून काय मागावे ते ठरते. नौपाडा, गोखले रोड, राम मारुती रोड या पट्ट्यात मराठी मध्यमवर्गाची जुनी वस्ती. तिथे पोळीभाजी केंद्रे, फराळाचे पदार्थ, संकष्टीला उकडीचे मोदक आणि उपासाच्या दिवशी ताजी साबुदाणा खिचडी. एरवीच्या दिवशी खिचडी मागू नये, साबुदाणा भिजवलेलाच नसतो. चेंदणी कोळीवाडा स्टेशनच्या हाकेच्या अंतरावर आहे. तिथे आणि नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, करावे या गावांत मासळी बाजाराच्या जवळपास चौकशी केली की घरगुती जेवण देणाऱ्या बायका सापडतात. हिवाळ्यातल्या आगरी-कोळी महोत्सवांत याच बायकांचे स्टॉल लागतात. तिथे एकदा चव घेऊन, नंबर मागून ठेवणे हा वर्षभराचा सर्वांत चांगला ठेवा आहे. कोपरी कॉलनीत सिंधी वस्ती आहे, आणि उल्हासनगर तर फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीतूनच उभे राहिले. दोन्हीकडे दाल पकवान, म्हणजे डाळ आणि तळलेली कुरकुरीत पुरी, सकाळी खावे; दुपारनंतर, त्यातून पावसाळ्यात, पकवान वातड होतो. राबोडी आणि मुंब्र्यात रात्रभर शिजलेली निहारी (मटणाचा दाट रस्सा) पहाटेची आणि बिर्याणी दुपारी देग, म्हणजे मोठे पातेले, उघडल्यानंतरच्या पहिल्या तासाची.

नवी मुंबईत पाहुणे सहसा मॉलमध्येच जेवतात, याचे वाईट वाटते. तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत माथाडी कामगार मोठ्या संख्येने सातारा-सांगलीकडचे. त्यांच्यासाठी चालणाऱ्या खानावळींत बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा आणि तांबडा मटणरस्सा घाटावरच्या चवीचा मिळतो. भाजीपाल्याचा बाजार पहाटेच भरतो, त्यामुळे तिथली न्याहारी सहा-सातला आणि दुपारचे जेवण लवकर. बाजार बंद असेल त्या दिवशी तिकडे फिरकण्यात अर्थ नाही. बेलापूरला कोकण भवन, सिडको भवन परिसरात दुपारी साडेबारा ते दोन उत्तम राइसप्लेट मिळते. पण राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, आणि शनिवार-रविवारी त्यातल्या बऱ्याच खानावळींची शटर खाली असतात. पाहुणा नेमका रविवारी फिरायला निघतो आणि नेमके याच ठिकाणचे नाव कुठल्या तरी यादीत वाचून आलेला असतो. वागळे इस्टेटमधल्या कामगारांच्या खानावळींचेही गणित हेच, तिथे कारखान्यांच्या सुट्टीचा वार विचारून घ्यावा.

विचारायचे कुणाला? रिक्षावाल्याला ‘चांगलं हॉटेल कुठंय’ असे विचारले तर तो तुमच्या कपड्यांकडे पाहून एसी हॉटेलपाशी नेऊन सोडतो. त्यालाच ‘दादा, तुम्ही दुपारी कुठं जेवता?’ असे विचारले तर वेगळी गल्ली दाखवतो. मासळी बाजारात कोळणीला ‘मावशी, तुमची मच्छी रोज कुठल्या खानावळीत जाते?’ हा प्रश्न विचारावा. ती ज्या खानावळीचे नाव घेईल तिथले मालक सकाळी स्वतः येऊन मासा निवडतात, एवढे तिथल्या तिथे कळते. कोर्टनाक्यावर वकिलांचे कारकून, रुग्णालयाबाहेर औषधाच्या दुकानातली मुले, बँकेचे शिपाई ही रोज बाहेर जेवणारी माणसे. रोज खाणाऱ्याला पोटाला त्रास होणारे आणि खिशाला न परवडणारे ठिकाण चालत नाही, म्हणून त्यांचा शब्द मोलाचा.

फोनवरच्या ताऱ्यांवर विसंबणाऱ्यांसाठी थोडे. तारे देणारा माणूस जेवणासोबत पार्किंग, गारवा, वाढदिवसाची सजावट यांनाही गुण देतो. तोच आकडा सकाळच्या मिसळीला आणि रात्रीच्या चायनीजला मिळून एकच असतो. तेव्हा आकडा बाजूला ठेवून अभिप्राय ‘सर्वांत नवीन’ या क्रमाने लावावेत आणि एकाच पदार्थाचे नाव वेगवेगळ्या लोकांनी घेतले आहे का ते पाहावे. तीन तारे देणारे बहुधा खरे बोलतात: काय चांगले, काय टाळावे, दोन्ही सांगतात. फोटो पाहुण्यांनी काढलेले पाहावेत, मालकाने चढवलेले नव्हे. शोधताना देवनागरीत ‘खानावळ’, ‘घरगुती जेवण’, ‘पोळीभाजी केंद्र’, ‘भोजनालय’ असे लिहून पाहावे. इंग्रजीत शोधल्यावर न दिसणारी ठिकाणे वर येतात. घरपोच मागवताना अ‍ॅपवर दुकानाच्या पानाच्या तळाशी अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो. बिर्याणी, थाळी आणि पराठे विकणाऱ्या तीन वेगळ्या नावांखाली एकच क्रमांक दिसला तर स्वयंपाकघर एकच आहे. हाच क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापणे बंधनकारक आहे.

मेन्यूकार्डाची लांबी हीदेखील मोठी खूण आहे. दोनशे पदार्थ असलेल्या हॉटेलात लाल, पांढरी आणि हिरवी अशा तीन ग्रेव्ह्या फ्रीजमध्ये तयार असतात. पनीर, कोंबडी किंवा कोलंबी त्यातच पडते आणि नाव बदलते. फळ्यावर सात-आठ पदार्थ लिहिणारी खानावळ तेवढाच माल आणते, तेवढाच संपवते. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला असेल तर तो काढायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसे स्पष्ट म्हटले आहे. लहान खानावळींत हा प्रश्न सहसा येतच नाही.

आता विनंती. आपल्या पुरवणीत खाण्यावर लिहिताना प्रत्येक ठिकाणापुढे पाच गोष्टी छापाव्यात: तिथला एकच मुख्य पदार्थ, तो कोणत्या वेळात खावा, सुट्टीचा वार, स्टेशनच्या पूर्वेला की पश्चिमेला, आणि एका वेळी किती माणसे बसतात. शेवटची बाब सर्वांत गरजेची वाटते. घरगुती खानावळ चालवणाऱ्या बाईकडे दोन शेगड्या, एक मदतनीस आणि तीस-चाळीस ताटांची ताकद असते. नाव छापून आल्यावर रविवारी दीडशे माणसे दारात उभी राहतात. मग बोंबील न दाबता तव्यावर पडतो, वाटण पुरवायला खोबरे कमी आणि पाणी जास्त होते, रोजचे गिऱ्हाईक मागे हटते, आणि महिनाभराने पाहुण्यांचा ओघ आटला की ती बाई दोन्हीकडून जाते. म्हणून छापण्यापूर्वी अशा ठिकाणच्या माणसांना विचारावे, किती ताटे जमतील ते त्यांच्याकडूनच घ्यावे, आणि ‘आदल्या दिवशी फोन करून जावे’ ही ओळ नावाखाली ठळक टाकावी. ज्यांनी नको म्हटले त्यांचे नाव वगळावे.

आपला,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)